साल, सोत आणि झटका मशीन

वाचक विचारतात

मागच्या अंकात मी उत्तराखंडातल्या कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाकडच्या कामाबद्दल दोन पानं लिहिली होती. सौर कुंपणाच्या, म्हणजे शेताभोवतीच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशिनी तपासायला एप्रिलच्या सुरुवातीला रामनगरला गेलो, उद्यानाच्या दक्षिणेकडच्या गावांत काम केलं, आणि सुट्टी मिळाली तेव्हा उद्यानाच्या आतल्या ढिकालाला जाऊन आलो, एवढंच त्यात होतं. पत्रं मात्र भरपूर आली. बरीचशी वाघाची, काही हत्तीची, आणि एकात फक्त 'तिकडे थंडी असते का हो?' एवढंच. (पहाटे उघड्या गाडीत स्वेटर लागतो, दहा वाजता तो काढून मांडीवर घेऊन बसावं लागतं.) बाकीच्यांतली निवडक घेतो.

प्रश्न : भाऊ, पेंच आपल्या नागपूरच्या उंबरठ्यावर, उमरेड-कऱ्हांडला त्याहून जवळ, ताडोबा सकाळी निघून संध्याकाळी परत. मग एवढे पैसे घालून कॉर्बेटला जायचं काहून? तिथे वाघ जास्त दिसतो का?
– एक वाचक, मनीषनगर

वाघासाठीच जात असाल तर नका जाऊ. पेंचच्या खुर्सापारला जा, पैसे वाचतील.

आकड्यात कॉर्बेट वरचढ आहे, त्यात वाद नाही. २०२२ च्या गणनेत तिथे २६० वाघ निघाले, देशातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा जास्त. पण वाघ असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. आपल्याकडचं रान सागाचं. मार्च सरता सरता साग झडतो, सगळं उघडं पडतं, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरतं. गाइड पाणवठ्याशी जिप्सी लावतो आणि वाघ आपल्या पायांनी तिथे येतो. कॉर्बेटमध्ये राज्य साल या झाडाचं. त्याची जुनी पानं गळतात तोवर नवी आलेली असतात, झाड कधी पुरतं उघडं होत नाही. त्यात रामगंगा नदी बारमाही. वाघाला पाणी हवं तिथे मिळतं, मग तो तुमच्या वेळेला तुमच्या जागी कशाला येईल?

मला दिसला. रामगंगेच्या पल्याडच्या काठाला, इतका लांब की कँटरमधल्या (सफारीची मोठी उघडी गाडी) एका बंगाली काकूंनी दुर्बीण पुढे केली म्हणून वाघ म्हणायचा. पेंचमध्ये याहून कितीतरी जवळून पाहिलाय. गाडीतले निम्मे लोक तेवढ्यावरच खूश होते, उरलेले निम्मे फोटो नीट आला नाही म्हणून हिरमुसले. माझं लक्ष तेव्हा दुसरीकडेच होतं, कारण अलीकडच्या काठाला हत्ती होते.

आपल्याकडे जे नाही ते बघायला जा, असं माझं म्हणणं. ढिकालाच्या पुढे गवताचं मोठं मैदान आहे, तिकडे त्याला चौर म्हणतात. इतकं सपाट, इतकं मोकळं रान मी विदर्भात पाहिलेलं नाही, आणि त्याच्यामागे थेट डोंगराची भिंत. या गवतात पाढा नावाचं एक बुटकं हरीण असतं. चितळ कसं उड्या मारत पळतं? पाढा मान खाली घालून, डुकरासारखा गवतात घुसत जातो. वरून फक्त गवताची हलती रेघ दिसते. उलट आपला गवा तिकडे औषधालाही नाही. गव्याची सवय झालेल्या नागपूरकराला ते चुकल्यासारखं वाटतं. रानकोंबडाही निराळा. आपल्या ताडोबात राखी, तिकडे लाल. पहाटे तो आरवला की कोणाच्या तरी वाड्यात आल्यासारखं वाटतं, कारण आपल्या घरगुती कोंबडीचा पूर्वज तोच.

आणि हत्ती. रामगंगेवरचं कालागढचं धरण १९७४ साली पुरं झालं तेव्हा पाटली दून या खोऱ्यातलं बरंच गवताळ रान पाण्याखाली गेलं. आता उन्हाळा लागला की जलाशय मागे सरकतो, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं, आणि कळपच्या कळप तिकडे उतरतात. मी गेलो तेव्हा नुकती सुरुवात होती. एक हत्तीण आमच्या गाडीपासून बऱ्यापैकी जवळ चरत होती. सोंडेने गवताचा झुबका आवळायचा, पुढच्या पायाच्या बोटांनी बुडाशी ठोकर मारायची, मुळासकट उपटायचा. मग तोच झुबका गुडघ्यावर दोन-तीनदा झोडायचा. माती उडून जायची. तरी समाधान झालं नाही तर पुन्हा झोडायचा. मग शेंडा तोंडात, आणि मुळाकडचा भाग दातांनी तोडून खाली. तिचं पिल्लू ते टाकलेलं बूड उचलून स्वतःच्या गुडघ्यावर आपटत होतं, नेम मात्र दर वेळी चुकत होता. ड्रायव्हरने चला म्हटलं तेव्हा मला राग आला.

हे बघायला पैसे घाला. वाघ दिसला तर वरकड.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की 'नदी चालत ओलांडली आणि बुटाला पाणी लागलं नाही.' एवढ्या हिमालयाच्या पायथ्याशी नदी कोरडी कशी? आणि कुंपणाच्या कामाचा त्याच्याशी काय संबंध, ते कळलं नाही.
– एक वाचिका, धरमपेठ

ताई, मागच्या वेळी जागा कमी पडली, म्हणून ते अर्धवट राहिलं. आता सविस्तर सांगतो, कारण या दौऱ्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

डोंगरातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी आल्या की त्यांचा वेग मोडतो. बरोबर आणलेले गोटे, खडी, वाळू त्या तिथेच टाकतात. हजारो वर्षं हे चाललंय. त्यामुळे शिवालिकच्या, म्हणजे हिमालयाच्या सगळ्यात बाहेरच्या रांगेच्या पायथ्याला गोट्यांचा एक लांबच लांब पट्टा तयार झालाय, साधारण ८ ते १६ किलोमीटर रुंदीचा. त्याला भाबर म्हणतात. या गोट्यांतून पाणी टिकतच नाही, सरळ खाली मुरतं. नदीचं पात्र चांगलं रुंद असतं, वर पांढरे गोल गोटे, आणि पाणी जमिनीखालून वाहत असतं. पट्टा संपला, बारीक माती लागली, की तेच पाणी झऱ्यांनी आणि दलदलीने वर येतं. तो तराईचा मुलूख, उसाचा आणि धानाचा. मधल्या कोरड्या पात्रांना तिकडचे लोक सोत म्हणतात. पावसाळ्यात याच सोतांतून असा लोंढा येतो की बस वाहून जाते. बाकीचं वर्ष त्यातून जिप्सी, गुरं, हत्ती, वाघ सगळे रस्त्यासारखे ये-जा करतात. वाळूवर वाघाचे पंजे सकाळी सकाळी अगदी कोरून काढल्यासारखे असतात.

आता माझ्या कामाचा संबंध. झटका मशीनचा एक टोक तारेला जातो आणि दुसरा जमिनीत. जनावर तारेला लागलं की करंट त्याच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत, असा फेरा पुरा झाला तरच झटका बसतो. जमीन ही आमच्या मते अर्धी तार. म्हणून आम्ही लोक कुठेही गेलो की आधी खाली बघतो. रस्त्यावरचे लोक वाघ शोधत असतात, आम्ही ओल शोधत असतो.

भाबरमध्ये ओल कुठून आणायची? एका गावात मशीन ठणठणीत होती, बॅटरी भरलेली, पॅनल स्वच्छ, मशीनपाशी मीटर चांगला बोलत होता. तरी लोकांची तक्रार की हत्ती तार सोंडेने बाजूला करून जातो, त्याला काही होतच नाही. अर्थिंगचा, म्हणजे जमिनीत ठोकलेला रॉड उपटून बघितला. लोखंडाला मातीचा कण चिकटलेला नव्हता. शेजारी हातभर खणलं : गोटे. आणखी हातभर : गोटेच, आणि कोरडे खडखडीत. रॉड जमिनीत नव्हता, दगडांच्या ढिगात उभा होता.

गावात शेताला पाणी द्यायची दगडी पाट असते, तिला तिकडे गूल म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईने, त्यांना सगळे आमाच म्हणत होते, मला हाताने ओढतच गुलीपाशी नेलं आणि म्हणाल्या, इथे ठोक ना, इथे बारा महिने चिखल असतो. त्यांना अर्थिंग म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नाही, पण मी ओल शोधतोय हे त्यांनी बरोबर हेरलं. तिथवर केबल ओढली, एकाऐवजी चार रॉड अंतराअंतरावर ठोकून जोडले. शिवाय कुंपणातली एक आड एक तार अर्थिंगची करून टाकली, म्हणजे जनावराचा स्पर्श दोन तारांना झाला तरी फेरा पुरा होतो, जमीन कोरडी असली तरी चालतं.

आपल्याकडे भानगड उलटी असते. काळी माती पावसाळ्यात इतकी छान करंट घेते की काही विचारू नका, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रॉड त्यात सैल होऊन डुलायला लागतो. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, त्याचीच झिजून ही माती झाली. शिवालिकचे डोंगर त्या मानाने कालचे पोर, नदीने आणलेल्या गोट्या-मातीचेच उभे राहिलेले. रस्त्याच्या कापलेल्या कडेला गोल गोटे भिंतीत रोवल्यासारखे दिसतात. सफारीतल्या कोणालाही ते दाखवा, तो म्हणेल 'हो का' आणि पुन्हा वाघाकडे वळेल.

प्रश्न : आमच्याकडे आता हत्ती यायला लागले आहेत. धानाची बांधी तुडवून गेले. डुकरासाठी झटका मशीन लावलेली आहे, तिने हत्ती थांबेल का? कॉर्बेटकडचे शेतकरी काय करतात?
– एक शेतकरी, देसाईगंज (वडसा)

दादा, तुमचं पत्र वाचून हे सदर लिहायला घेतलं. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून कळप गडचिरोलीत आला तेव्हापासून आपल्याकडचा हत्तीचा प्रश्न खरा. उत्तराखंडात तो पिढ्यान्पिढ्यांचा. २०२० च्या गणनेत तिथे २,०२६ हत्ती होते. गहू पिकला की हत्ती, ऊस वाढला की हत्ती, धान भरलं की हत्ती. मी गेलो ते गव्हासाठीच, कापणीच्या तोंडावर कुंपण दुरुस्त हवं म्हणून.

सरळ उत्तर : डुकरासाठी लावलेल्या दोन खालच्या तारांनी हत्ती थांबत नाही. त्या त्याच्या घोट्याला लागतील न लागतील. हत्तीसाठी वरच्या तारा हव्यात, सोंडेच्या आणि छातीच्या उंचीला, आणि मशीन ताकदीची हवी. तरीही तो शिकतो. सुळ्यातून करंट धड जात नाही हे त्याला कळतं, मग सुळ्याने तार तोडतो. वाळकं लाकूड उचलून तारेवर टाकतो. खांबावर पाय देतो, कारण खांबात करंट नसतो. झाड ढकलून कुंपणावर पाडतो. कळपातल्या एकाला जमलं की बाकीचे त्याच्या मागून येतात. म्हणून आता काही ठिकाणी लोंबत्या तारांचं कुंपण करतात. वर उंच एक तार, तिच्यातून झावळ्यांसारख्या तारा खाली सोडलेल्या, खांब आत लांब. पाय द्यायला काही सापडत नाही.

पण तिकडच्या गावांत फिरून मला जे दिसलं ते असं : जिथे कुंपण चालतं तिथे ते मशीनमुळे चालत नाही, विळ्यामुळे चालतं. गवताचं एक पातं खालच्या तारेला टेकलं की थोडा करंट तिथून जमिनीत गळतो. अशी हजार पाती टेकली की सात-आठ हजार व्होल्टची तार दोन हजारांवर येते, आणि हत्तीला ती गुदगुली. ज्या गावाने पाळी लावलीय, आज या घराने शंभर पावलं साफ करायची, उद्या त्या घराने, तिथे शेवटच्या खांबापाशीही माझा मीटर चांगला आकडा दाखवत होता. ज्या गावात 'सरकारी कुंपण आहे, सरकार बघेल' असं होतं, तिथे वेलींनी तारा झाकून टाकल्या होत्या. त्या गावातल्या मुलांनी तर एका तारेवर कपडे वाळत घातले होते. बाप्पा, म्हटलं, कुंपण जिवंत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तसं हत्तीलाही माहीत असणार.

तुमच्याकडे एक गोष्ट जमेची आहे. धान भरतं तेव्हा बांधीत ओल असते, अर्थिंगची काळजी नाही. एकट्याने दोन एकराला कुंपण घालू नका, हत्ती शेजारच्या बांधीतून येईल. गावाने मिळून घाला. जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. नुकसान झालं तर त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्या. आणि हत्ती शेतात शिरलाच तर टेंभे, फटाके घेऊन अंधारात त्याच्या अंगावर जाऊ नका. पीक परत येतं.

एक बजावून सांगतो, रागावू नका. लाइनवर आकडा टाकून शेताच्या तारेत थेट वीज सोडायची, हा प्रकार आपल्या विदर्भात अजून चालतो. झटका मशीनचा धक्का सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा, मग सेकंदभर काही नाही. जनावर दचकून मागे उडी मारतं. थेट विजेत स्नायू आखडतात, तार सुटतच नाही. त्यात वाघ मेलेत, हत्ती मेलेत, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेले शेतकरीही मेलेत. तो गुन्हा आहेच, पण गुन्हा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. मगर आणि घडियाल यांत फरक काय? तुम्ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहिले का?
– एक विद्यार्थिनी, महाल

पाहिले. ढिकालाच्या वाटेवर रामगंगेच्या उंच कडेला एक जागा आहे, तिथून खाली डोहात दोन्ही दिसतात. मगर आपल्या ओळखीची. तोतलाडोहला असते, आणि काही वर्षांपूर्वी आपल्या नाग नदीत दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या. तिचं तोंड रुंद, मिळेल ते खाते : मासे, पक्षी, पाण्यावर आलेलं हरीण. घडियालचं तोंड लांब चिमट्यासारखं, त्यात शंभराच्या वर बारीक दात. सपासप बाजूला फिरवून मासे पकडायला ते बनलेलं आहे. मोठ्या नराच्या नाकाच्या टोकावर गोल फुगवटा येतो, घड्यासारखा, त्यावरूनच नाव पडलं. श्वास सोडताना त्यातून आवाज येतो. आणखी एक फरक तू स्वतः ताडू शकशील : मगर चार पायांवर अंग उचलून चालते, पूर्ण वाढलेल्या घडियालला ते जमत नाही. तो वाळूवर पोट घासत सरकतो. म्हणून त्याला खोल वाहती नदी आणि शेजारी वाळू, दोन्ही लागतं. धरणं आणि वाळू उपसा यांनी त्याचं काय झालं असेल, ते भूगोलाच्या बाईंना विचार.

त्याच डोहात वरून महसीर मासे दिसत होते, पाठीवरचे खवले मोजता येतील असे. मासे पाहून मला भूक लागली, हे तुझ्या वहीत लिहू नकोस.

प्रश्न : कॉर्बेट हा तर शिकारी. त्याचं नाव अभयारण्याला कसं?
– एक निवृत्त शिक्षक, लक्ष्मीनगर

सर, आधी अभयारण्य नव्हे, राष्ट्रीय उद्यान. १९३६ साली ते झालं, भारतातलं पहिलं. आपलं ताडोबा १९५५ चं. सुरुवातीला नाव होतं हेली, तेव्हाच्या संयुक्त प्रांताच्या गव्हर्नरचं. स्वातंत्र्यानंतर काही काळ रामगंगा. कॉर्बेट १९५५ मध्ये वारले, त्यानंतर त्यांचं नाव दिलं गेलं. नरभक्षक वाघ-बिबटे मारणारा हा माणूस पुढे कॅमेरा घेऊन फिरू लागला, आणि हे उद्यान व्हावं म्हणून त्यानेच खटपट केली होती. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही ढिकालालाच झाली. मला विचाराल तर रामगंगा हे नाव जास्त शोभलं असतं. त्या खोऱ्यातलं सगळं तिच्यावरच चालतं.

प्रश्न : कामाला गेला होतात की फिरायला?
– नाव नाही, पत्ता नाही

कामाला. बिलं जोडून दिलीत. ढिकालाचं तिकीट त्यात नाही.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत, शाकाहारी आहेत. त्यांना घेऊन जायचं तर कधी आणि कसं?
– एक वाचिका, त्रिमूर्तीनगर

नागपूरहून दिल्लीला गाड्यांची कमी नाही, आणि दिल्लीहून रामनगरला थेट रेल्वे आहे. आई-बाबांना रात्रीची गाडी सोयीची पडेल, रस्त्याने नेऊ नका. ढिकालाचा मुक्काम १५ नोव्हेंबर ते १५ जून एवढाच खुला असतो. झिरना आणि ढेला हे उद्यानाचे दुसरे भाग वर्षभर चालू असतात, पण ढिकालाची सर त्यांना नाही. थंडीत धुकं आणि गारठा, वृद्धांना सोसणार नाही. मार्चचा शेवट ते एप्रिल उत्तम : हत्ती उतरायला लागलेले, सालाला मोहर, ऊन सोसवण्याजोगं. मुक्काम मिळाला नाही तर दिवसाची कँटर असते. ती दणके देते, बाबांची पाठ दुखत असेल तर पुढची जागा मागा. बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, मधल्या माणसाच्या फोनवर पैसे पाठवू नका. ओळखपत्र मूळच लागतं, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही.

जेवणाची चिंता मिटलीच म्हणा. ढिकालाच्या आवारात फक्त शाकाहारी मिळतं, दारूला बंदी आहे. आई-बाबा खूश होतील. तुमच्याबरोबर येणाऱ्यांपैकी कोणाला रविवारच्या सावजी रश्श्याची सवय असेल, तर त्याने काय ते रामनगरच्या बाजारातच उरकून आत जावं.